रोमनचा वळसा कशाला?

संगणकावर मराठी लिहिणारे बरेच जण आजही रोमन अक्षरे बडवतात आणि पुढचे काम प्रणालीच्या अंदाजावर सोडतात. ‘shala’ अशा टंकनातून ‘शाला’ हवे की ‘शाळा’, हे तिला कसे कळणार? मग यादी उघडायची, शब्द निवडायचा, पुढे जायचे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट आराखड्यात हा वळसाच नाही. श, काना, ळ, काना : चार ठोके, शब्द तयार. रचनेमागचा विचारही पक्का आहे. स्वर बहुतांश डाव्या हाताला, व्यंजने बहुतांश उजव्या. एकाच कळीवर क आणि शिफ्ट दाबून ख. ग-घ, त-थ, प-फ तसेच. म्हणजे वर्णमाला येते त्याचे निम्मे पाठांतर आधीच झालेले असते. शिवाय कन्नड, गुजराती, बंगालीतही समान अक्षराची कळ तीच.

आक्षेप असा की रोमन कळा सर्वांच्या बोटांत बसलेल्या आहेत, मग नवी कसरत कशाला? फोनवर दोन ओळींचा निरोप धाडणाऱ्याने खरोखरच या फंदात पडू नये. सुरुवातीला वेग घटतो, हेही खरे. पण रोज पानेच्या पाने लिहिणारे पत्रकार, अनुवादक, शिक्षक यांना प्रत्येक शब्द तपासत बसण्याचा भुर्दंड कायमचा पडतो. सरावाचा त्रास मात्र काही आठवड्यांत सरतो. ‘कऱ्हाड’मधला तो अर्धा रसुद्धा इथे अडत नाही : शिफ्टसह र दाबून ऱ, मग हलन्त, मग ह. विंडोज आणि लिनक्समध्ये हा आराखडा आधीपासूनच असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचा.