पायची किंमत तीन करून बघा

अकरावीत संगणकशास्त्र घेतलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘पायथॉनमध्ये मॅथ डॉट पायला मी गंमत म्हणून ३ ही किंमत दिली. त्याने ती मुकाट घेतली! स्थिरांक असा बदलतो कसा?’

खरंच बदलतो. पायथॉन तक्रार करत नाही, साधा इशाराही देत नाही. मग तो प्रोग्राम त्या पायने जे जे वर्तुळ मोजेल, त्याचा परीघ आत बसणाऱ्या सुसम षटकोनाच्या परिमितीइतकाच भरतो. (साइन-कोसाइन शाबूत राहतात, ती सी भाषेत लिहिलेली आहेत आणि या नावाकडे ढुंकूनही बघत नाहीत.)

पायथॉनमध्ये कायम किमतीचं व्हेरिएबल असा प्रकारच नाही. नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिलं की त्याला हात लावायचा नाही, एवढीच प्रथा. २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत ‘फायनल’ अशी खूण आली, पण ती बघतात मायपायसारखी तपासणीची साधनं. प्रोग्राम चालताना तिला कोणी विचारत नाही. पायथॉनवाल्यांचं म्हणणं, आपण सगळे सज्ञान आहोत. असू, पण रात्री दोन वाजता कोड दुरुस्त करणारा माणूस कितपत सज्ञान असतो?

रुबीत पाय बदलायला गेलं तर ती ‘हा स्थिरांक आधीच ठरलेला आहे’ म्हणून कुरकुरते आणि नवी किंमत घेऊन टाकते. जावास्क्रिप्ट बदलू देत नाही, पण तिच्या जुन्या, सैल पद्धतीत तसं सांगतही नाही: तुम्ही लिहिलेले ३ कुठेच जात नाहीत. माझ्या मते तिन्हींत हे सर्वांत वाईट. २००९ च्या मानकात आलेल्या कडक पद्धतीत निदान एरर येते. गंमत म्हणजे, पायला पहिल्यापासून कुंपण घालणाऱ्या याच भाषेत ‘अनडिफाइंड’ या नावाला मात्र त्या मानकापर्यंत कोणीही हवी ती किंमत देऊ शकत होतं.

बॅश शेल कडक. ‘रीडओन्ली’ लिहिलं की बदल नाहीच, ‘अनसेट’ करूनही ते व्हेरिएबल पुसलं जात नाही. पण ते एक्स्पोर्ट करून आतून दुसरं बॅश सुरू केलंत, तर तिथे किंमत पोचते, बंदी पोचत नाही. युनिक्समध्ये एका प्रोसेसकडून दुसरीकडे जातात त्या नुसत्या ‘नाव बरोबर किंमत’ अशा ओळी. बंदीला त्यात जागाच नाही.

या सगळ्यांवर कडी केली होती फोर्ट्रानने. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये ही भाषा आणली. पुढच्या वर्षी तिच्यात सबरुटीन आली. सबरुटीनला ४ हा आकडा दिला, की जुने कम्पायलर प्रत्यक्षात तो मेमरीत जिथे ठेवलाय तिथला पत्ता देत. सबरुटीनने त्यात एक मिळवला, की त्या जागी ५ बसे. आणि काही यंत्रांवर मग त्या प्रोग्राममध्ये पुढे जिथे जिथे ४ लिहिलेलं, तिथे तिथे ५ वाचलं जाई! शेकडो ओळी डोळ्यांत तेल घालून तपासा. ४ हा ४ च दिसणार. स्थिरांक बदलण्याचा याहून अस्सल नमुना मला माहीत नाही.

जावास्क्रिप्टच्या मानकात २०१५ पासून ‘कॉन्स्ट’ आहे, आणि नवशिके इथे हमखास फसतात. ‘कॉन्स्ट’ दारावरची पाटी पक्की करतं, घरातलं सामान नाही. कॉन्स्ट केलेल्या यादीत नवा घटक खुशाल घालता येतो. तेही थांबवायचं तर ‘ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ’ आहे, पण त्याची मजल वरच्या थरापुरतीच. यादीच्या आत आणखी यादी असेल तर ती मोकळीच राहते.

पायथॉन शिकवणाऱ्यांना एक विनंती. स्थिरांकाची व्याख्या लिहून देऊन पुढे जाऊ नका. एखाद्या प्रोग्राममध्ये कोपऱ्यात पाय ३ करून ठेवा, वर्तुळांची क्षेत्रफळं काढायला सांगा आणि चूक मुलांना शोधू द्या. बदल त्या प्रोग्रामच्या मेमरीपुरताच असतो, त्यामुळे लॅबमधलं दुसरं काही बिघडणार नाही.