लेथला तेल कोणतं घालावं?

मळणी यंत्राचा शाफ्ट घासला, पंपाचा बुश गेला, की पूर्वी आसेगावहून वाशीमला नाहीतर अकोल्याला धाव घ्यावी लागे. सोयाबीन शेतात पडलेलं, आभाळ भरून आलेलं, आणि माणूस शाफ्ट खांद्यावर घेऊन एस.टी.ची वाट पाहतो आहे. आता खेड्यांतही कोणी कोणी घरालगत टिनाचं शेड टाकून त्यात जुना लेथ मांडतात. लेथ घेताना चारचौघांना विचारतात, घासाघीस करतात. तेलाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

ज्यांनी लेथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि कुंभाराचा हात तिला आकार देतो. लेथवर लोखंड फिरतं आणि पोलादी हत्यार त्याला कातत जातं. लोखंड पकडणाऱ्या भागाला चक म्हणतात. हत्यार ज्या ओतीव लोखंडाच्या लांब पट्ट्यांवरून सरकतं, त्याला बेड म्हणतात. बेड सरळ असला तरच शाफ्ट सरळ उतरतो.

बैलगाडीच्या आसाला वंगण आपण बापजाद्यांपासून घालत आलो. वंगणानं चाक गुळगुळीत फिरतं एवढं सर्वांना ठाऊक आहे. पण आत काय होतं? इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास टॉवर नावाचे एक इंजिनिअर रेल्वेच्या आसाची परीक्षा घेत होते. आसावर बसणाऱ्या पितळी भागाला त्यांनी वरून भोक पाडलं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून तेल वर येऊ लागलं. त्यांनी भोकात लाकडी गुडदी ठोकली. तेलानं ती गुडदी बाहेर ढकलून दिली! फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर आत ओढतो, आणि ते दाबलेलं तेल एवढा भार उचलून धरतं. म्हणजे लोखंड लोखंडाला टेकतच नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो थर तुटला की झीज सुरू झाली.

तेल फार पातळ असेल तर थर टिकत नाही. फार दाट असेल तर ते बारीक जागेत पोचत नाही, आणि यंत्र तापतं. म्हणून तेलाच्या डब्यावर दाटपणाचा आकडा छापतात. ३२, ४६, ६८ असे ते आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितकं तेल दाट. मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं समजू नका. दुकानदार तसं सांगेल, तरी समजू नका. हा दाटपणा ४० अंश उष्णतेला मोजलेला असतो. आपल्याकडे वैशाखात टिनाखाली एवढी उष्णता सहज असते. पौषातल्या पहाटे तेच तेल घट्ट होतं. तेव्हा काम लावण्याआधी लेथ थोडा वेळ सावकाश रिकामा फिरवावा. डब्यावरचे आकडे इंग्रजी पद्धतीचे असतात. ते वहीत काढून गिरवून ठेवा, म्हणजे दुकानात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही.

तेल कोणतं, हे आधी लेथवर ठोकलेल्या पत्र्यावर वा त्याच्या पुस्तिकेत पाहावं. ते नसेल तर गिअरच्या पेटीत बहुधा ३२ ते ६८ मधलं हायड्रॉलिक तेल चालतं. बेडसाठी ६८ नंबरचं स्लाइडवे तेल वेगळं मिळतं. ते किंचित चिकट असतं, म्हणून बेडवर टिकून राहतं. ते न मिळालं तर ६८ चं हायड्रॉलिक तेल लावा, मात्र वरचेवर लावा.

आमचा एक जुना विद्यार्थी आता लेथ चालवतो. तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, तेल ते तेलच असते न जी. ट्रॅक्टरचं घातलं तर काहून चालत नाही?" प्रश्न चांगला होता. इंजिनच्या तेलात असा मसाला असतो की तो मळ तेलात तरंगत ठेवतो. ट्रॅक्टरला फिल्टर आहे, तो मळ धरतो. बहुतेक साध्या लेथला फिल्टर नसतो. तिथं मळ तळाशी बसलेला बरा. नवं इंजिन तेल अडीअडचणीला एकदा घातलं तर लेथ काही मरत नाही. पण इंजिनातून काढलेलं काळं जळकं तेल कधीही घालू नये. त्यात काजळी असते, धातूचा बारीक चुरा असतो, आणि ते कातडीलाही वाईट. ट्रॅक्टरच्या गिअरच्या काही तेलांतला गंधकाचा मसाला पितळी आणि काशाच्या बुशांना खातो. घरातल्या तेलाचं तर नावच नको. जवसाचं तेल वाळून कडक पापुद्रा धरतं, म्हणूनच ते रंगात घालतात. खोबरेल थंडीत थिजतं.

तेल घालण्याआधी लेथ बंद करावा. हे दोनदा वाचा. उपरणं, लोंबती बाही, हातमोजे चकजवळ नकोत. कापड एकदा गुंतलं की हात ओढला जातो. लोखंडाचा कीस हातानं काढू नये, ब्रशनं काढावा. तोंडानं किंवा हवेच्या नळीनं फुंकू नये. कीस फटीत शिरतो, आणि तेलात मिसळून जात्यासारखा दळत बसतो. बेडवर ग्रीस थापलं तरी तेच होतं. आधी पुसणं, मग तेल. उलट केलं तर तेल न घातलेलं बरं. धार लावायचा दगड लेथपासून लांब ठेवावा.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. चकजवळ काम जास्त, म्हणून तिथं झीज जास्त. मग शाफ्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक उतरतो, आणि गिऱ्हाईक परत येतं. झिजलेला बेड तेलानं भरून येत नाही. तो मोठ्या कारखान्यात नेऊन घासून घ्यावा लागतो. नीट राखला तर मात्र ओतीव लोखंड पिढ्या काढतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे त्यांच्या घराण्यानं हरिहरला १९४१ साली मैसूर किर्लोस्कर हा कारखाना काढला. तिथं बनलेले जुने लेथ आजही विकत मिळतात.

पेटीतल्या तेलाची काच रोज पाहावी. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलं आहे, ते बदलावं. बदलताना लेथ थोडा चालवून, बंद करून, मग तेल काढावं, म्हणजे मळासकट निघतं. पावसाळ्यात एका रात्रीत बेडवर तांबेरा चढतो, म्हणून संध्याकाळी तेलाचा हात फिरवूनच शेड बंद करावं. काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्याला द्यावं. नाल्यात ओतलं तर ते विहिरीच्या पाण्यात उतरतं.