डोळे जात नाहीत, झोप जाते

“मागं सरक, डोळे जातील.” राहुरीत काय नि आणखी कुठं काय, टीव्हीला खेटून बसलेल्या पोराला हे ऐकावंच लागतं. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत संचांतून क्ष-किरण प्रमाणाबाहेर निसटत असल्याचं उघड झालं, तेव्हा ‘लांबून बघा’ असं सांगावं लागलं होतं. पण ते संच काचेच्या नळीचे. आजच्या चपट्या एलईडी पडद्यातून क्ष-किरण निघतच नाहीत. जवळून पाहिल्यानं डोळे शिणतात, कोरडे होतात, विसावा मिळाला की ताळ्यावर येतात. उलट, पोर सारखं पुढं पुढं सरकत असेल तर त्याला लांबचं दिसत नसेल. ओरडण्याआधी त्याला फळ्यावरचं वाचता येतं का ते विचारावं आणि डोळे तपासून घ्यावेत.

खरं नुकसान होतं ते टीव्हीपायी राहून गेलेल्या गोष्टींचं. मुलं दिवसा उजेडात बाहेर कमी खेळली, की जवळचंच स्पष्ट दिसण्याचा दोष वाढतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. रात्री उशिरापर्यंत चाललेली मालिका झोप खाते. “टीव्ही लावला की कसा गपागप जेवतो!” हे कौतुकही फसवंच आहे, कारण नजर पडद्यावर असली की पोट भरल्याचं कळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सरळ आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठं कुणी सोबत असताना.

दुसरा लाडका समज: मालिकांनी बायका बिघडवल्या. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात गोव्यासह चार राज्यं आणि दिल्ली इथल्या ग्रामीण कुटुंबांची पाहणी वापरून केबलचा परिणाम तपासला. जिथं केबल नव्यानं पोचली, तिथं नवऱ्यानं मारणं योग्य मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. घरच्या निर्णयांत त्यांचा शब्द वाढला. मालिकांमधली कारस्थानं मलाही सोसवत नाहीत, पण हा निष्कर्ष डावलता येत नाही.

“लोकांना हेच आवडतं म्हणून हेच दाखवतात,” हे तर अर्धसत्य. टीआरपी मोजणारी ‘बार्क’ ही संस्था देशातल्या वीस कोटींहून जास्त टीव्ही-घरांपैकी जेमतेम पन्नास-साठ हजार घरांत मीटर बसवते. राहुरीतल्या तुमच्या घरात मीटर नसेल, तर कंटाळून तुम्ही चॅनेल बदललंत याची टीआरपीत नोंदच होत नाही.

आणि शेतकऱ्याला टीव्हीचा काय उपयोग? दिल्लीचं ‘कृषिदर्शन’ २६ जानेवारी १९६७ ला सुरू झालं आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ ला. म्हणजे पडद्यावरची शेती विद्यापीठापेक्षा वयानं मोठी! पुढं मुंबई दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’ आलं. हवामानाचा अंदाज, नवं वाण, ठिबकचा प्रयोग डोळ्यांनी दिसतो, हा मोठाच फायदा. तोही डीडी फ्री डिशवर महिन्याचं भाडं न भरता. मात्र टीव्ही साऱ्या राज्याशी एकदम बोलतो. मुळा धरणाच्या कालव्याखालचं काळं रान आणि तालुक्यातलं जिराईत यांतला फरक त्याला माहीत नसतो, आणि त्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. फवारणीचं प्रमाण विद्यापीठातच विचारलेलं बरं.

विजेबद्दलही एक समज आहे: रिमोट दाबला की वीज थांबली. रिमोटनं टीव्ही बंद केला, तरी सेट टॉप बॉक्स बहुधा वीज ओढतच असतो. भिंतीवरचं बटण बंद करा.

शेवटचा समज पालकांचा: टीव्ही बंद केला की मूल अभ्यासाला बसेल. एकट्या घरात हे जमणं कठीण. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून वेगळा मार्ग धरला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास अख्ख्या गावातले टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. पुरुषांनी ही कल्पना आधी हसण्यावारी नेली होती. मग ग्रामपंचायतीनं बायकांना बोलावलं. आपण मालिका जास्त पाहतो हे त्यांनी कबूल केलं आणि होकारही त्यांनीच दिला.