फुप्फुसातील गाठ जाळल्यानंतर

फुप्फुसातील कर्करोगाची लहान गाठ काढावयाची तर छाती उघडणे हाच एके काळी प्रमुख मार्ग होता. २००० साली रेडिओलहरींच्या उष्णतेने अशी गाठ जागच्या जागी जाळल्याचे पहिले वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि वार्धक्यामुळे वा दुर्बल हृदयामुळे शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांना आशा वाटू लागली. सी. टी. स्कॅनच्या चित्रावर लक्ष ठेवून बरगड्यांमधून सुई गाठीपर्यंत नेली जाते. मोठी जखम होत नाही; बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात.

परंतु सुई जाते ती फुप्फुसाच्या आवरणातूनच. या आवरणाच्या दोन पदरांमधील दाब बाहेरील हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच फुप्फुस फुगलेले राहते. छिद्रातून तेथे हवा शिरली की ते आकसते. वैद्यकात यास न्यूमोथोरॅक्स म्हणतात. या उपचारातील ही सर्वांत नेहमीची गुंतागुंत होय. वर्षानुवर्षांच्या धूम्रपानाने ज्यांची फुप्फुसे जर्जर झालेली असतात, त्यांना हा धोका अधिक. याउलट, पूर्वी त्याच बाजूस शस्त्रक्रिया झालेली असल्यास आवरणाचे पदर एकमेकांस चिकटलेले असतात आणि तेच रुग्णाचे रक्षण करतात!

अडकलेली हवा थोडी असेल व दम लागत नसेल, तर काही तासांनी पुन्हा क्ष-किरण चित्र काढून वाट पाहणे पुरते. शरीर ती हवा स्वतःच शोषून घेते. प्राणवायू दिल्यास हे काम लवकर होते. हवा वाढत गेली, तर ती सुईने ओढून काढतात किंवा बारीक नळी बसवितात.

नळीचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली सुमारे दोन सेंटिमीटर बुडविलेले असते. छातीतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, पण पाण्यामुळे परत शिरू शकत नाही. गोटहार्ड ब्यूलाऊ या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली ही साधी युक्ती आजही टिकून आहे. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली हवी. नातेवाइकांनी ती उचलून खाटेवर ठेवू नये. बुडबुडे येत असताना नळी चिमटा लावून बंद करणेही घातक, कारण कोंडलेली हवा हृदयावर दाब आणते.

क्वचित हवेची गळती थांबतच नाही. तेव्हा आवरणाचे पदर औषधाने चिकटवावे लागतात.

खरी कसोटी लागते ती गावी परतल्यावर. काही रुग्णांत फुप्फुस उशिरा, घरी गेल्यानंतर आकसते. एकाएकी दम लागणे, छातीच्या एका बाजूस कळ येणे, ओठ निळसर पडणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात हा त्रास दम्याचा वाटण्याचा संभव असतो. म्हणून गाठ कोणत्या बाजूची व कोणत्या दिवशी जाळली, हे लिहिलेला रुग्णालयाचा कागद सोबत असावा. फुप्फुस पूर्ववत् फुगल्याची डॉक्टरांकडून खात्री होईपर्यंत विमानप्रवास वर्ज्य समजावा.