पिलाटेस-बार प्रशिक्षक व्हायचंय? आधी हे समज तपासा

मुंबई-पुण्यात पिलाटेसचे स्टुडिओ झपाट्याने वाढले आणि त्यांच्यामागोमाग ‘प्रशिक्षक व्हा’ अशा जाहिरातीही आल्या. चौकशी करणाऱ्यांत आयटीतली नोकरी सोडू पाहणाऱ्या मुली असतात, योगशिक्षिका असतात, फिजिओथेरपिस्ट असतात, लहानपणी भरतनाट्यम शिकलेल्याही असतात. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पूर्ण अभ्यासक्रमाची फी लाखांच्या घरात जाते. म्हणून ती भरण्याआधी डोक्यातले काही समज झाडून घेतलेले बरे.

सगळ्यात मोठा समज असा, की पिलाटेसची कुठेतरी एक मूळ गादी आहे आणि तिचं प्रमाणपत्र म्हणजे जगभर चालणारा परवाना. तशी गादी नाही. जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस. पुढे व्यायामाने शरीर कमावलं, मुष्टियुद्ध खेळले. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते, त्यामुळे शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत त्यांना डांबलं गेलं. तिथे इतर कैद्यांकडून ते व्यायाम करून घेत. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारासह एट्थ ॲव्हेन्यूवर स्टुडिओ थाटला. आपल्या पद्धतीला ते स्वतः ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हणत. १९६७ मध्ये ते गेल्यावर शिष्यांनी आपापल्या परीने ही विद्या पुढे नेली. मग नावाच्या मालकीवरून खटला उभा राहिला आणि ऑक्टोबर २००० मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला: पिलाटेस हे एका व्यायामपद्धतीचं सर्वसामान्य नाव आहे, त्यावर कुणाचाही ट्रेडमार्क चालणार नाही.

या निकालाने पद्धत सर्वांना खुली झाली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळेच आज ‘पिलाटेस प्रशिक्षक’ ही पाटी कुणीही लावू शकतो. भारतातही ती लावायला सरकारी परवाना लागत नाही. म्हणजे प्रमाणपत्राला स्वतःचं असं वजन नाही. वजन आहे ते त्यामागच्या तासांना.

तास म्हटल्यावर दुसरा समज येतो: शनिवार-रविवारचं शिबिर केलं की झालं. बार म्हणजे बॅलेतून आलेला, दांडा धरून करायचा व्यायामप्रकार; त्याच्या बाबतीत दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा खरोखर असतात आणि आधीपासून गटाला व्यायाम शिकवणाऱ्याला त्या पुरूही शकतात. पिलाटेसचं गणित वेगळं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल पिलाटेस सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या परीक्षेला बसायचं, तर किमान ४५० तासांचं सर्वंकष प्रशिक्षण दाखवावं लागतं. त्यात व्याख्यानं येतात, स्वतःचा सराव येतो, अनुभवी शिक्षकाचा वर्ग नुसता बसून पाहणं येतं आणि देखरेखीखाली शिकवणंही येतं. आठवड्याला दहा तास दिले तरी हे पंचेचाळीस आठवड्यांचं काम झालं. नुसत्या मॅटचा अभ्यासक्रम याहून बराच लहान असतो. तो करण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तेवढ्यावर रिफॉर्मर या यंत्रावरचा वर्ग घेऊ नये.

कारण रिफॉर्मर दिसतो तितका साधा नाही. लाकडी किंवा धातूची चौकट, आत सरकणारी गादी आणि तिला जोडलेल्या स्प्रिंग. नवख्याला वाटतं, जास्त स्प्रिंग म्हणजे जास्त कठीण. उताणं झोपून पायांनी दांडा ढकलताना ते बरोबर आहे. पण हात दांड्यावर, पाय सरकत्या गादीवर आणि शरीर फळीसारखं ताठ, अशा स्थितीत उलटं होतं. स्प्रिंग कमी केली की गादी परत आणायला मदत उरत नाही आणि सगळा भार पोटाच्या स्नायूंवर येतो. म्हणजे ‘सोपं करते’ म्हणून स्प्रिंग काढली, तर समोरच्याची कंबर धरण्याची सोय झाली! त्यात स्प्रिंगचे रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एका यंत्रावरच्या लाल स्प्रिंगचा अंदाज दुसऱ्यावर चालत नाही. आणि स्प्रिंग न लावलेल्या गादीवर कुणी पाय ठेवला तर ती सर्रकन निघून जाते. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, पण हाताला सवय होते ती शिकवून शिकवूनच.

‘माझं शरीर लवचीक आहे, मला सगळं जमतं, मग शिकवायला काय लागतं?’ हा प्रश्न नृत्यातून आणि योगातून येणाऱ्यांचा. त्यांना शरीराची जाण असते आणि तिचा फायदा होतोच. पण स्वतः करणं आणि दुसऱ्याचं पाहणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. योगशिक्षकाला तर काही सवयी मोडाव्या लागतात. दीर्घ श्वासात पोट फुगू द्यायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. पिलाटेसमध्ये पोट आत धरून श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीत भरायचा असतो, आणि जोर लावताना बहुधा सोडायचा असतो.

बारबद्दलचा समज याच्या उलट: बॅले येत नसेल तर हे आपलं क्षेत्र नाही. बारची सुरुवात नर्तिकेने केली हे खरं. लोटे बर्क मूळच्या जर्मन. नाझी राजवटीतून निसटून त्या लंडनला आल्या, पाठ दुखावल्यावर नृत्याचा सराव आणि उपचाराचे व्यायाम यांची त्यांनी सांगड घातली आणि १९५९ मध्ये मँचेस्टर स्ट्रीटवरच्या तळघरात स्टुडिओ काढला. त्यांच्या शिष्या लिडिया बाख यांनी १९७१ मध्ये हे न्यूयॉर्कला नेलं. पण आजच्या वर्गात दांडा असतो तो मुख्यतः तोल सांभाळायला. प्रशिक्षकाला गिरकी यायची गरज नाही. यायला हवी ती आठाची मोजणी, तीही संगीताच्या ठेक्यात तोंडाने सूचना देत देत. वर्गाकडे तोंड करून आपण उजवा पाय उचलायचा आणि म्हणायचं ‘डावा’. वाटतं तितकं सोपं नाही.

बारमध्ये मांड्या थरथरतात, म्हणजे तिथली चरबी जळते, असं वर्गात सर्रास सांगतात. थरथर ही थकलेल्या स्नायूंची असते; हव्या त्या जागची चरबी निवडून कमी करता येत नाही. ‘लांबसडक स्नायू’ हाही जाहिरातीचाच शब्द. स्नायू हाडाला कुठे जोडलेला आहे, ते व्यायामाने बदलत नाही. ही वाक्यं वर्गात पाठ म्हणून दाखवू नयेत.

सर्वांत जपून बोलावं ते पाठदुखीबद्दल. पिलाटेसने पाठ बरी होते, असं ठोकून देणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात कंबरदुखीसाठी पिलाटेस हे काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारापेक्षा बरं ठरलं, पण इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा ठाम पुरावा सापडला नाही. निदान आणि उपचार हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टचं काम. प्रशिक्षकाला कळायला हवं ते कुणाला काय देऊ नये. साठीतल्या काकू हाडं ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट घेऊन आल्या, तर पाठीचा कणा पुढे गोल वळवणारे व्यायाम, म्हणजे रोल-अप, रोलिंग लाइक अ बॉल, त्यांच्यासाठी बाद. मणक्याचं हाड दबून मोडण्याची भीती असते. आणि १९४५ च्या पुस्तकात पिलाटेस यांनी दिलेल्या ३४ मॅट व्यायामांत असे वाकण्या-गुंडाळण्याचे प्रकार भरपूर आहेत. म्हणजे क्रम पाठ असून भागत नाही, त्यातलं अर्धंअधिक गाळून तासभराचा वर्ग उभा करता यायला हवा.

तेव्हा नाव नोंदवण्याआधी काही महिने विद्यार्थी म्हणून वर्गाला जा. मग संस्थेला विचारा: एकूण तास किती, त्यांतले प्रत्यक्ष शिकवण्याचे किती, ते पाहायला कोण बसणार, ठिसूळ हाडं आणि गरोदरपण यांवर स्वतंत्र धडा आहे का? उत्तरं लेखी मागा. ‘त्याची काळजी तुम्ही करू नका’ असं उत्तर मिळालं, तर फी भरू नका.