आधी मोजा, मग मागा!

‘ज्यू म्हणजे श्रीमंत’ हे वाक्य आपल्या सभांतूनही सर्रास ऐकू येते. न्यूयॉर्कच्या ज्यू समाजाने २०११ साली स्वतःची पाहणी केली आणि या समजुतीचा फुगा फुटला. शहर व परिसरातील आठ काउंटींत सुमारे १५ लाख ४० हजार ज्यू आढळले, आणि दर पाच ज्यू कुटुंबांतील एक कुटुंब गरीब निघाले! त्यांत रशियन बोलणारे वृद्ध स्थलांतरित होते, तशी पुष्कळ मुलाबाळांची हसिदी कुटुंबेही होती. ही माणसे शेजारीच राहत होती. पण मोजल्याशिवाय ती समाजाच्या नजरेत भरली नाहीत.

हे काम समाजाला स्वतः का करावे लागते? कारण अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारलाच जात नाही. १९७६ च्या कायद्याने तर कोणालाही धर्माची माहिती देण्याची सक्ती करता येत नाही. १९६० च्या जनगणनेत असा प्रश्न घालण्याची चर्चा झाली, तेव्हा अनेक ज्यू संघटनांनीच त्याला विरोध केला होता. या भीतीमागे इतिहास आहे. हॉलंडमध्ये सरकारी दप्तरात प्रत्येकाचा धर्म नोंदलेला होता. नाझी आले आणि तेच दप्तर त्यांच्या हाती पडले. तेथील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. तेव्हा मोजणी कोणाच्या हातात आहे, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे ध्यानात घ्यावे.

मोजणी समाजाच्या हाती असली म्हणजे सारे बिनचूक होते, असेही नाही. १९९० च्या राष्ट्रीय पाहणीत, त्याआधीच्या पाच वर्षांत लग्न केलेल्या ज्यूंपैकी ५२ टक्क्यांनी समाजाबाहेर लग्न केले, असा आकडा आला. समाज हादरला. तरुणांना धर्माशी जोडून ठेवण्याच्या योजनांवर पैसा ओतला गेला. पुढे २०००-०१ च्या पाहणीने त्याच काळाचा आकडा ४३ टक्के दिला. फरक कशाने पडला? ज्यू कोणाला म्हणावे, या व्याख्येने! आम्ही वकील मंडळी जाणतो, की कायद्यातली व्याख्या बदलली की निकाल फिरतो. आकड्यांचेही तसेच आहे.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत, तेही ज्यूच. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य इस्राएलला गेले. उरलेल्या मूठभर ज्यूंना महाराष्ट्र शासनाने २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. जनगणनेच्या मुख्य तक्त्यात मात्र ते ‘इतर धर्म’ या रकान्यात विरून जातात. ज्याला स्वतःचा रकाना नाही, त्याने शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती कोणत्या आकड्यावर मागायची?

आमचा सवाल आता वाचकांना आहे. आपल्या वस्तीत किती म्हातारी माणसे एकटी राहतात, किती मुली दहावीनंतर घरी बसल्या, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? मोर्चे आपण पुष्कळ काढले. पण निवेदनाला जोडायला कागद नसतो. पुराव्याशिवाय दावा कोर्टात टिकत नाही, तसा शासनदरबारीही टिकत नाही. तेव्हा घरोघरी जा, विचारा, लिहून काढा. आणि ती वही आपल्याच हातात ठेवा!