लॅपटॉप सुरू होता होताच बंद पडतोय? आधी हिशोब वाचवा

मैत्रिणींनो, ग्रामसंघाचा लॅपटॉप चालू केला, विंडोजचं चिन्ह आलं, की स्क्रीन काळी होते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. असं झालं की जीव घाबरतो, कारण गटांची बचत, कर्जाचे हप्ते सगळं त्यातच असतं. पण लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे हिशोब गेला असं नाही. माहिती बहुतेक वेळा आत शाबूत असते. घाईत फॉरमॅट केलं तर मात्र ती जाते.

आधी घरी करून बघा

1. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. लॅपटॉप पूर्ण बंद होईल.
2. पेनड्राइव्ह, प्रिंटर, माऊस, डोंगल सगळं काढा. गरम लागत असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या. गादीवर ठेवू नका, खालची हवा अडते.
3. आता फक्त चार्जर लावून सुरू करा. चालला, तर काढलेल्या वस्तू एकेक करून लावा. दोष कशात आहे ते कळेल.
4. निळी स्क्रीन आली तर मोबाईलवर तिचा फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला तो कामी येतो.

तरीही तेच होत असेल तर

विंडोज 10 किंवा 11 असेल, तर चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीन वेळा केलं की दुरुस्तीची स्क्रीन उघडते. तिथे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘ट्रबलशूट’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करा. नवीन अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करा.

एवढ्यानं भागलं नाही तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये ‘रीस्टार्ट’ करून 4 दाबा. हा सेफ मोड. यात लॅपटॉप चालू झाला की पहिलं काम एकच: हिशोबाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या.

मध्येच 48 आकड्यांची ‘रिकव्हरी की’ मागितली, तर लॅपटॉप ज्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केला होता, त्यांना विचारा. ती बहुधा त्या खात्यात मिळते.

दुकानात नेताना

चिन्ह यायच्या आधीच बंद पडत असेल, तर दोष रॅम, बॅटरी किंवा आतल्या दुसऱ्या भागाचा असू शकतो. तो दुरुस्तीवाल्याकडेच न्या. पण स्पष्ट सांगा, “आधी डेटा काढून द्या, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका.” ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी हिशोबाचं सॉफ्टवेअर निघून जातं, हे लक्षात ठेवा.

आणि एक सवय लावून घ्या. दर मासिक बैठकीनंतर फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कोषाध्यक्ष ताईंकडे द्यायचा. हाताने लिहायची वहीही सोडू नका. वीज गेली तरी वही उघडतेच!